गाडीला थंडी वाजते तेव्हा!

कोकणात थंडी पडते असे घाटावरच्या माणसाला सांगितले तर तो हसतो. निफाडच्या द्राक्षबागाइतदाराने किंवा महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी दवाचे हिम झालेले पाहिलेल्या माणसाने हसावे, हे ठीकच आहे. पण आमच्या सिंधुदुर्गनगरीत, म्हणजे मूळच्या ओरोसात, पौषातल्या पहाटे पारा पंधरा-सोळा अंशांवर उतरला, की घरोघर कानटोप्यांची शोधाशोध सुरू होते, अंगणात पातेऱ्याच्या शेकोट्या पेटतात आणि डिझेलवर चालणाऱ्या पिकअप गाड्यांना हुडहुडी भरते. निदान त्यांचे मालक तरी तसे म्हणतात!

ही हुडहुडी ऐकण्यासारखी असते. आधी सेल्फची घरघर, मग एक उचकी, मग पुन्हा घरघर; त्यानंतर पांढऱ्या धुराचा एक लोट अंगणभर पसरतो आणि गाडी, मलेरियाचा रोगी खाटेवर थरथरावा तशी, मिनिटभर थरथरत राहते. शेजारीपाजारी कूस बदलतात. मालक म्हणतो, "थंडी आहे, दुसरे काय!" आणि विषय तिथेच संपतो.

माझे म्हणणे असे, की विषय तिथे संपू नये. तो तिथे सुरू व्हावा. या बाबतीत थंडीवर घेतला जाणारा आळ बहुतेक वेळा खोटा असतो, आणि तो खोटा असल्यामुळेच फार महागात पडतो. ते कसे, हे सांगण्यासाठी आजचा हा लेखप्रपंच.

आता मी पडलो मराठीचा प्राध्यापक. एंजिनाशी माझा संबंध तसा षष्ठी विभक्तीपुरताच! पण १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा काढलेल्या या जिल्ह्याच्या मुख्यालयात राहायचे, मुंबई-गोवा महामार्गाची वर्दळ रात्रंदिवस कानांवर घ्यायची आणि गाड्यांविषयी कुतूहल वाटू द्यायचे नाही, हे जरा कठीणच. शिवाय वाचकहो, हा प्रश्न केवळ गाडीवाल्यांचा आहे असे समजू नका. तुमच्या दारी येणारे दूध, मंडईतली भाजी, शुक्रवारचा बांगडा आणि दिवाळीत नव्याने घेतलेले कपाट, हे सारे कुठल्या ना कुठल्या पिकअपमधूनच आलेले असते. आणि तुमच्या स्वतःच्या दारात डिझेलची जीप किंवा मोटार उभी असेल, तर रोग तोच आणि औषधही तेच.

ठिणगीवाचून आग

पेट्रोलच्या एंजिनात ठिणगी पडते आणि इंधन पेटते. डिझेलच्या एंजिनात ठिणगी नसतेच. मग आग लागते कशी? सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाची नळी खालच्या अंगाला गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. कोंडलेली हवा जोराने दाबली की तापते. रुडॉल्फ डीझेल या पॅरिसमध्ये १८५८ साली जन्मलेल्या जर्मन यंत्रज्ञाने नेमका हाच गुण हेरला. नळकांड्यात नुसती हवा घ्यायची, ती मूळच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शाइतक्या जागेत दडपायची, आणि ती पाचशे-सहाशे अंशांच्या पलीकडे तापली की तिच्यावर तेलाची बारीक फवार सोडायची. तेल आपोआप पेटते. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे एंजिन यशस्वी ठरले. पुढे २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून हा मनुष्य नाहीसा झाला आणि मागे उरले ते त्याचे नाव. ते आज आपण तेलालाही देतो आणि एंजिनालाही.

चौकस वाचक इथे विचारील, की डिझेल तर दोनशे-सव्वादोनशे अंशांनाच आपणहून पेट घेते. मग पाचशे-सहाशेंची चैन कशाला? कारण असे, की एंजिनाला वेळच नसतो. फवारा उडाल्यापासून पेट घेईपर्यंत डोळ्याचे पाते लवायलाही अवकाश मिळत नाही. एवढ्या घाईत थेंबाची वाफ व्हायची, ती हवेत मिसळायची आणि पेटायची, तर उष्णता भरपूर शिल्लक लागते.

तेव्हा डिझेलचे एंजिन चालू व्हायला तीन गोष्टी हव्यात: हवा घट्ट दाबली गेली पाहिजे, ती झपाट्याने दाबली गेली पाहिजे आणि डिझेल वेळेवर, बारीक फवाऱ्याच्या रूपात आले पाहिजे. थंडी या तिन्हींना थोडा थोडा त्रास देते. गार लोखंड दाबलेल्या हवेची ऊब खाऊन टाकते. बॅटरी सुस्तावते, ऑइल घट्ट होते आणि त्यामुळे सेल्फ सावकाश फिरतो. सावकाश फिरला की रिंगांच्या फटीतून हवा निसटायला आणि ऊब भिंतीत मुरायला सवड मिळते. डिझेलही जरा दाट होते आणि त्याचे थेंब मोठे पडतात.

हे कोडे आपल्या आजोबांनाही ठाऊक होते. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल एंजिने घडवली, १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी उभी राहिली, आणि विहिरीवर, पिठाच्या गिरणीत त्या एंजिनांचा ठेका ऐकू येऊ लागला. गिरणीवाला हँडल मारताना काय करी ते आठवा. आधी एक लहानशी दांडी वर करून तो एंजिनातला दाब मोकळा सोडी, मग दोन्ही हातांनी चाक गरगर फिरवी, आणि वेग पुरेसा आला की दांडी खाली पाडी. त्याबरोबर चाकातल्या साऱ्या वेगाने हवा एकदम दडपली जाई आणि एंजिन बोलू लागे. त्याहून जुन्या काही तेल-एंजिनांचे डोके तर सुरुवातीला ब्लो-लँपच्या ज्योतीने लाल होईपर्यंत तापवावे लागे. आजच्या पिकअपमध्ये चाकाचे काम सेल्फ करतो आणि ज्योतीचे काम हीटर प्लग. बोटाएवढी ही कांडी प्रत्येक नळकांड्यात डोके खुपसून बसलेली असते. चावी फिरवताच थोड्याच सेकंदांत तिचे टोक आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापते आणि पहिल्या फवाऱ्याला आधार देते. डॅशबोर्डावर स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागतो, तो तिचाच.

थंडी म्हणावी तरी किती?

लोक म्हणतात, "थंडीने डिझेल गोठते." डिझेल गोठते हे खरे आहे. त्यात मेणाचा अंश असतो; फार गारठ्यात त्याचे कण बनतात, आधी फिल्टर चोंदतो आणि मग तेल वाहीनासेच होते. पण केव्हा? आपल्या देशातल्या मानकाप्रमाणे पंपावर मिळणारे हिवाळी डिझेल ३ अंशांपर्यंत तरी वाहते राहिले पाहिजे. लडाखमध्ये पारा शून्याखाली वीस-तीस अंश जातो. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात खास डिझेल काढले, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते. ओरोसच्या पंधरा-सोळा अंशांत डिझेल गोठायचे, म्हणजे मालवणच्या समुद्रावर बर्फ जमायचा!

दुसरी गोष्ट. हल्लीच्या पुष्कळशा एंजिनांत डिझेल थेट नळकांड्यात उडते. ती धडधाकट असतील तर पंधरा अंशांना हीटर प्लगवाचूनही चालू होतात. कित्येकदा गाडीचा संगणक अशा हवेत प्लगांना बोलावीतही नाही. जुन्या जातीच्या एंजिनांत मात्र डिझेल आधी एका छोट्या कोठडीत पेटते, आणि त्यांना साधारण गारव्यातही प्लगची गरज लागते. तुमची गाडी कुठल्या जातीची, हे मिस्त्रीला पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

तात्पर्य, कोकणातल्या थंडीने निरोगी एंजिन अडत नाही. अडलेच, तर त्यात आधीपासून काही उणे होते. उन्हाळ्यात ते झाकून राहिले, थंडीने ते चव्हाट्यावर आणले इतकेच. परीक्षेने विद्यार्थी नापास होत नाही. वर्षभर न केलेल्या अभ्यासाने होतो. तसेच हे.

'लागत नाही' म्हणजे काय?

आता माझ्या विषयाकडे येतो. "गाडी लागत नाही" हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे; पण त्यातून मिस्त्रीला काहीच कळत नाही. एकाच वाक्यात तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात.

पहिली: सेल्फच नीट फिरत नाही. तो कण्हतो, टकटक करतो किंवा गप्प बसतो. ही तक्रार विजेची आहे. बॅटरी, तिची टोके, जाड तारा आणि सेल्फ यांच्यापलीकडे जाऊन एंजिन उघडण्याचे काहीही कारण नाही.

दुसरी: सेल्फ जोरात फिरतो, पण एंजिन पेट घेत नाही. इथे मागे उभे राहून धुराकडे पाहावे. नळीतून पांढरा धूर येत असेल आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असेल, तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही; म्हणजे ऊब किंवा दाब कमी पडतो. धूरच नसेल, तर डिझेल पोचतच नाही.

तिसरी: एंजिन पेट घेते, पण थरथरते, अडखळते, आणि मिनिटा-दोन मिनिटांनी शहाण्यासारखे चालू लागते. गॅरेजच्या मराठीत याला 'मिसिंग' म्हणतात. चारांपैकी एखादे नळकांडे गार असेपर्यंत कामावर येत नाही, असा याचा अर्थ. धूर निळा असेल तर ऑइल जळते आहे. आणि पांढऱ्या धुराला गोडसर वास येऊन रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर मामला गंभीर आहे. तशी गाडी न चालवता मिस्त्रीला बोलवावे.

वैद्याकडे जाऊन "बरे वाटत नाही" एवढेच सांगणारा रोगी आणि "गाडी लागत नाही" एवढेच सांगणारा मालक, दोघेही एकाच माळेचे मणी. नेमकी तक्रार हे अर्धे निदान असते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

थंडी वायली, रवणा वायला

याचा एक मासला मी माझ्या शेजारी पाहिला. आमच्या शेजारच्या दादांची एक पिकअप आहे. पहाटे ती कसालवरून मालवणला जाते, बंदरावरच्या लिलावात घेतलेली मासळी बर्फात घालते आणि घाट चढून कोल्हापूरच्या बाजूला पोचवते. मासळीचा धंदा घड्याळावर चालतो. गाडी तासभर उशिरा निघाली तर लिलाव आटोपतो. दोनदा-तीनदा असे झाले, की वरचे खाणावळवाले दुसऱ्याशी बोलणी करतात, आणि गेलेले गिऱ्हाईक नुसत्या सबबीने परत येत नाही. गाडीवर पतपेढीचे कर्ज आहे, आणि हप्त्याला थंडी कळत नाही.

मागल्या हिवाळ्यात ही गाडी पहाटे अडू लागली. कोणी म्हणाले बॅटरी. नवी बॅटरी आली. कोणी म्हणाले हीटर प्लग. चारही प्लग नवे आले. रडगाणे तेच. शेवटी एका गॅरेजात सांगण्यात आले, की पंप आणि नोझल उतरवावे लागतील आणि खर्च पाऊण लाखाच्या घरात जाईल. त्या संध्याकाळी दादा आमच्या ओटीवर येऊन बसले. वहिनींनी पाटल्या काढून देऊ केल्याचे त्यांनी सांगितले आणि मग स्वतःच हसून म्हणाले, "सर, बॅटरी बदललंय, प्लग बदललंय. आता बदलूचो मीच रवलंय!"

मी त्यांना एंजिनाविषयी काय सांगणार? मी फक्त वाक्याचा अर्थ विचारला: "लागत नाही म्हणजे नेमके काय होते?" दादांनी विचार करून सांगितले. सेल्फ झकास फिरतो. गाडी पटकन लागते. चार-पाच सेकंद चालते, मग घुटमळते आणि बंद पडते. पुढे दहा-बारा वेळा सेल्फ मारला, की थरथरत चालू होते आणि मग दिवसभर काही म्हणजे काही त्रास नाही.

शेजारच्या वाडीतले एक वयस्क मिस्त्री त्या वेळी ओटीवर होते. एस.टी.च्या गाड्यांवर हयात घालवलेला माणूस. त्यांनी तंबाखूची चिमूट मळता मळता एकच वाक्य उच्चारले: "थंडी वायली काढूया, रवणा वायला काढूया, मगे कळतला चोर कोण तो." मालवणीत 'वायले' म्हणजे वेगळे आणि 'रवणे' म्हणजे राहणे, थांबणे. तर्कशास्त्राच्या वर्गात मी तासभर बोलून जे समजावू शकलो नसतो, ते या वाक्यात होते. पहाटे दोन गोष्टी एकदम घडलेल्या असतात: हवा गार झालेली असते, आणि गाडी आठ-दहा तास एका जागी उभी असते. आपण दोष गारव्याला देतो, पण तो उभे राहण्याचाही असू शकतो. दोघांना वेगळे केल्याशिवाय चोर सापडायचा नाही.

सोमवार आला. त्या दिवशी पुष्कळ घरी मासळी वर्ज्य, म्हणून गाडीला सुट्टी. सकाळी आठ वाजता ती चालू करून चांगली तापवली आणि उन्हात उभी केली, ती संध्याकाळी पाचपर्यंत. अंगातून घामाच्या धारा वाहत होत्या, बॉनेट हाताला चटका देत होते. दादांनी चावी फिरवली. गाडी लागली, पाच सेकंद चालली, घुटमळली आणि बंद पडली! पहाटेचे सारे नाटक भर उन्हात जसेच्या तसे झाले. थंडी निर्दोष सुटली.

दुसऱ्या पहाटे मिस्त्रींनी सेल्फ मारण्याआधी डिझेल फिल्टरवरचा हातपंप, तो घट्ट होईपर्यंत दाबायला लावला. मग चावी. गाडी एका सेल्फला उठली आणि चालूच राहिली. आता चोर कोण हे उघड झाले. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी सूक्ष्म फट होती. गाडी चालू असताना ती जाणवत नसे. पण उभी राहिली की त्या फटीतून हवा आत शिरे आणि डिझेल हळूहळू टाकीकडे परत सरके. गॅरेजच्या भाषेत, गाडी 'एअर धरत' होती. पहिली पाच सेकंदे एंजिन चाले, ते पुढे साठून राहिलेल्या घोटभर डिझेलवर. खात्री करण्यासाठी फिल्टरपाशी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, तर त्यातून सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे निघाले. फिल्टरजवळ क्लिपखाली दबलेल्या रबरी नळीला केसाएवढी चीर गेलेली सापडली. नळीचा नवा तुकडा आणि दोन क्लिपा, एवढाच इलाज. पाऊण लाखाऐवजी जे काही लागले, त्यात हलव्याचा एक बरासा नगही आला नसता.

थंडीचा यात अगदीच हात नव्हता असे नाही. गारव्याने रबर कडक होते आणि चीर जरा अधिक उघडते. म्हणून दुखणे हिवाळ्यात दिसू लागले. पण ते दाखवल्याबद्दल तिचे आभारच मानायला हवेत.

स्वस्ताकडून महागाकडे

या प्रकरणानंतर मिस्त्रींना विचारून विचारून मी तपासणीचा एक क्रम लिहून घेतला. त्याचे सूत्र साधे आहे: जे फुकट तपासता येते ते आधी, ज्याला पैसे पडतात ते मागून, आणि तपासल्याशिवाय काही बदलायचे नाही.

पहिला क्रमांक विजेचा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मीटरवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसावी आणि सेल्फ फिरत असताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. आमच्या किनाऱ्यावर यात एक जादा शत्रू आहे, तो म्हणजे मीठ. खारी हवा आणि मासळीच्या पेट्यांतून ठिबकणारे खारे पाणी गाडीच्या सांगाड्याला आणि 'अर्थिंग'च्या पट्टीला खाते. बॅटरी नवी आणि पट्टी सडकी, असे असले तर सेल्फ सुस्तच फिरणार. सेल्फ फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि एंजिनचा ठोकळा यांच्यामध्ये मीटर लावावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर पट्टी उघडून, घासून, ग्रीस लावून बसवावी.

दुसरा क्रमांक फिल्टरचा. त्याच्या तळाशी पाणी साठते. पावसाळ्यानंतर ते सोडलेच पाहिजे. फिल्टर शेवटचा केव्हा बदलला हे आठवत नसेल, तर तो बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

तिसरा क्रमांक हवेचा. म्हणजे वर सांगितलेली 'थंडी की थांबणे' ही परीक्षा आणि हातपंपाचा प्रयोग. काही गाड्यांना हातपंप नसतो. तिथे पारदर्शक नळी मिस्त्रीकडून लावून घ्यावी.

चौथा क्रमांक हीटर प्लगचा. डॅशबोर्डावरचा पिवळा दिवा लागला म्हणजे प्लग तापले, असे समजू नका. पुष्कळ गाड्यांत तो दिवा फक्त हुकूम सुटल्याचे सांगतो. हुकूम पाळला गेला की नाही, हे सांगत नाही. प्लगांना जोडणारी पट्टी काढायची, बारा व्होल्टच्या दिव्याचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे एकेका प्लगच्या माथ्याला लावायचे. दिवा लागला नाही, तर तो प्लग मेला. चारही जिवंत असतील, तर फ्यूज आणि रिले पाहावा. चारांतला एकच प्लग गेला, तर गाडी लागते पण थरथरते, हे ध्यानात ठेवावे.

पाचवा क्रमांक 'मिसिंग' मारणाऱ्या नळकांड्याच्या शोधाचा. गार गाडी चालू केल्याबरोबर धुराच्या मुख्य नळीच्या चार फाट्यांवर लांबून तापमान दाखवणारे मीटर धरावे. तीन फाटे झपाट्याने तापतात, एक मागे राहतो. गैरहजर नळकांडे तेच. तिथला प्लग ठीक असेल, तर संशय नोझलवर.

सहावा आणि शेवटचा क्रमांक नोझलची गळती व कॉम्प्रेशन मोजण्याचा. नव्या 'कॉमन रेल' गाड्यांत एखादे नोझल झिजले, तर डिझेल पुढे उडण्याऐवजी परतीच्या वाटेने टाकीत जाते, नळीत पुरेसा दाब चढत नाही आणि संगणक एंजिनाला पेटूच देत नाही. चारही नोझलांच्या परतीच्या नळ्यांना छोट्या बाटल्या लावल्या, की कुठली बाटली आधी भरते ते दिसते. ही परीक्षा गॅरेजातच व्हावी. पण ती करून दाखवल्याशिवाय चारही नोझल बदलू देऊ नयेत. मोजमाप मागणे हा मालकाचा हक्क आहे.

ऑइलच्या डब्याकडेही नजर टाका. '१५ डब्ल्यू ४०' यातला डब्ल्यू म्हणजे इंग्रजीतला हिवाळा. गार असताना ऑइल किती पातळ राहते, ते त्याआधीचा आकडा सांगतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला आकडा सोडून 'जाडे ऑइल चांगले' या समजुतीने भलतेच भरले, तर पहाटे सेल्फला चिखलातून चालावे लागते.

जिवाशी खेळ नको

घाईच्या पहाटे माणसे काय काय करतात, ते पाहिले की अंगावर काटा येतो. कोणी हवेच्या फिल्टरपाशी पेटती चिंधी धरतो, कोणी टाकीखाली शेकोटी करतो, कोणी हवेच्या वाटेत पेट्रोल किंवा ईथरचा फवारा मारतो. आत हीटर प्लग लालबुंद असताना असा फवारा गेला, तर स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो. माणसाचे तर विचारूच नका.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जुन्या गाड्यांत मिस्त्री नोझलच्या नळीचा नट ढिला करून 'एअर काढीत', आणि एकेक नट सोडून कुठले नळकांडे मुके आहे ते ओळखीत. कॉमन रेल गाडीत हे कदापि करू नये. त्या नळीतला दाब वातावरणाच्या हजार-दीड हजार पटींवर जातो. त्यातून निसटलेली डिझेलची सुईएवढी धार कातडी भेदून मांसात शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, प्रसंगी हातही गमवावा लागतो. अशी इजा झाली तर दुखत नाही म्हणून थांबू नये; तडक इस्पितळ गाठावे आणि डिझेलची धार लागली असे स्पष्ट सांगावे.

सेल्फही सलग दहा सेकंदांहून जास्त मारू नये. मध्ये अर्धा मिनिट विसावा द्यावा. नाहीतर बॅटरी उतरते, सेल्फ जळतो, आणि एका दुखण्याची तीन दुखणी होतात.

कार्तिक उजाडला आहे. थंडीला अजून महिना-दीड महिना अवकाश आहे. पाडव्याला आपल्याकडे गाडीची पूजा होते, झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. त्याच सकाळी बॉनेट उघडून बॅटरीची टोके पुसा, फिल्टरचे पाणी सोडा, रबरी नळ्यांवरून एकदा बोट फिरवा. पाव तासाचे काम. आणि पौषातल्या एखाद्या पहाटे गाडी अडलीच, तर पैशाच्या पाकिटाला हात घालण्याआधी एक वही घ्या आणि तीन ओळी लिहा: सेल्फ कसा फिरला, धूर कोणत्या रंगाचा होता, आणि गाडी किती तास उभी होती. ही वही घेऊन मिस्त्रीकडे जा. तो तुमच्याशी वेगळ्या आदराने बोलू लागेल आणि बिलही बहुधा वेगळेच येईल.